कोरडी काच

"मॅडम, काचंत पानी दिसंना!" गुंडूमामा ओरडले आणि पंपाच्या बटणाकडे धावले.

साखर कारखान्याचा बॉयलर धडधडत होता, पण आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी कोरडी ठणठणीत होती. इंजिनिअर प्रांजली मामांच्या मागे धावली. बॉयलर चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न होता आणि घाईत तिनं लिहिलं होतं, 'ताबडतोब पंप सुरू करावा.' बाहेर पडताच चूक लक्षात आली होती. लालबुंद तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं, तर बॉयलरच फुटेल! पास की नापास या घोरात गेले चाळीस दिवस ती जेवता-झोपता तेच उत्तर मनात खोडून पुन्हा लिहीत होती.

तिनं मामांचं मनगट घट्ट धरलं. "पाणी नको. आधी भट्टी बंद करा!"

भट्टीत पडणारा उसाचा भुसा थांबला, पंखे थांबले, मागोमाग अख्खा कारखाना थांबला. साहेबांनी फोनवर केलेला आरडाओरडा तिनं ऐकून घेतला.

मामा घाम पुसत म्हणाले, "तीस वर्सं झाली हितं, पर हात पंपाकडंच गेला बगा."

"माझाही गेला होता, मामा. परीक्षेत."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मैत्रिणीचा मेसेज होता, 'निकाल लागलाय. लवकर बघ!'

प्रांजलीचा अंगठा क्षणभर थबकला. मग तिनं मोबाइल खिशात टाकला.

"बॅटरी घ्या, मामा. पाणी गेलं कुठं, ते आधी शोधू."