चोवीस दिवस

"तुमी माझ्या पोरीचं खरं उत्तर खोटं ठरवलंत, गुरुजी. आन् वर चार पोरांसमोर हसलात. शाळा कशापायी उघडली मग?"

अनिता वर्गाच्या दारातूनच बोलली. खळ्यावर भात झोडत होती, ते टाकून तशीच आलेली. केसांत तूस, पायांत चपला नाहीत. तिच्यामागे पाचवीतली कुणाली पदर ओढत होती.

"चल ना गो आये, सगळी बघतात."

"बघू दे. लपवायसारखं काय केलंस तू?"

गुरुजी मोबाईलवर नावं भरत होते. शिष्यवृत्ती परीक्षेला शाळेतून कोण बसणार ती यादी चार वाजायच्या आत पाठवायची होती. सराव पेपरात ज्याला साठ मार्क, त्याचंच नाव घ्यायचं, असं त्यांनी ठरवलेलं. कुणालीला अठ्ठावन्न. पाच मार्कांचं एक गणित गेलं होतं, आणि ते कसं गेलं हे गुरुजींनी काल वाचून दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. पोरीनं घरी येऊन भाकरी खाल्ली नाही, तेव्हा अनिताला कळलं.

"अनिताताई, या, बसा. आधी गणित तर ऐका." गुरुजींनी गठ्ठ्यातून पेपर काढला. "एका शेतकऱ्याने भातलावणीसाठी आठ मजूर तीन दिवस लावले. एका मजुराची रोजची मजुरी चारशे रुपये आहे. तर शेतकऱ्याला एकूण किती रुपये द्यावे लागतील? आता हिचं उत्तर बघा. चोवीस दिवस! मी रुपये विचारतोय, ही मला दिवस देते."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. अनितानं नुसतं तिकडे बघितलं. हसू जागच्या जागी विरलं.

"आमच्या लावणीला आठ माणसं होती," ती म्हणाली. "आठ घरची आठ. तीन दिवस. मी कोनाला एक रुपाया दिला नाय. मी आन् हिचा बाप मिळून त्या आठ जणांच्या शेतात चोवीस दिवस राबून फेडून आलो. सावड म्हनतात तिला, तुमाला काय सांगायला नको. आन् त्या सावडीचा हिशोब कोन ठेवतं? ही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर. बाईजाकाकीचा आमच्याकडं अर्धा दिवस ऱ्हायलेला. काकी इसरली, मी पण इसरली. ही बया जाऊन काकीला सांगून आली! अर्धा दिवस परत चिखलात उभं केलं मला हिनं."

वर्ग पुन्हा हसला, पण आता कुणालीला हसत नव्हता. कुणालीनं पदर सोडला.

"सावड मला कळते हो, ताई. मी आटगावचा. वडील होते तोवर आमच्याकडेही सावडच होती."

"मग तुमच्या वडलांना पन भोपळा द्या."

गुरुजींचे कान लाल झाले. "परीक्षेत सावड नसते, ताई. परीक्षेत मजुरी असते. तुमच्या मुलीला पुढचा गुणाकारच येत नाही, त्याला मी काय करू?"

"येतो."

इतका वेळ जमिनीकडे बघत असलेली कुणाली बोलली होती.

"काय येतो?"

"नऊ हजार सहाशे. लिवलेलं मी, सर. उत्तराच्या खाली बघा."

गुरुजींनी पेपर उलटसुलट केला. उत्तराच्या खाली पेनानं गिरवून काळा केलेला एक डाग होता. ते उठले, खिडकीशी गेले, कागद उजेडात धरला. काळ्याखाली सगळा गुणाकार होता, पायरीपायरीनं, सरळ ओळीत. शेवटी ९६००.

"मग खोडलंस कशाला?"

"सर, लावणीला एवढे पैसे कोन देतं?" कुणाली म्हणाली. "मला वाटलं, पेपरातच चुकलंय."

या वेळी कोणी हसलं नाही. त्या वर्गातल्या एकाही पोराच्या घरात लावणीपायी एवढ्या नोटा कधी मोजल्या गेल्या नव्हत्या.

गुरुजी परत खुर्चीत बसले. घड्याळात साडेतीन होत आले होते.

"खोडलेल्याला मार्क देता येत नाहीत, ताई. नियम आहे."

नियम म्हटलं की माणसाला स्वतः काही ठरवावं लागत नाही. अनितानं असले नियम रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे ऐकले होते, आणि दर वेळी मान हलवून ती घरी परतली होती. आज ती हलली नाही. तिनं कमरेचा मोबाईल काढला, त्याचं कव्हर उचकटलं, आतल्या घडी केलेल्या नोटा पेपरावर ठेवल्या. लाल फुलीच्या बरोबर वर.

"ही परीक्षेची फी. त्याच नऊ हजार सहाशांतली हाय. कोनाला दिले नाय म्हनून ऱ्हायले. सावड नसती तर फी लांबच, हिची वही पन आली नसती घरात."

गुरुजींनी नोटांना हात लावला नाही. मोबाईलवरच्या यादीत पाच नावं भरलेली होती. सहावी ओळ रिकामी होती.

"खोडलं ते बरोबर, त्याला मार्क नाय. ठेवलं ते पन बरोबर, त्याला तर भोपळा." अनितानं पोरीला खांद्याला धरून टेबलासमोर उभं केलं. "लाल पेन तुमच्या हातात हाय. चार वाजायला अजून टाइम हाय. मला नको, हिच्या तोंडाकडं बघून सांगा, गुरुजी. हिनं लिवायचं तरी काय?"