छुप्या स्विचची जागा

टॅक्सीवाल्याने किल्ली फिरवली आणि इंजिनाऐवजी अलार्मच बोंबलायला लागला.

“घ्या, माझ्याच गाडीचा चोर मी,” तो हसत म्हणाला. दुकानातल्या धाकट्या भावाने रिमोट दाबून अलार्म गप्प केला. घाबरण्यासारखं काही नव्हतंच. छुपा स्विच दाबल्याशिवाय गाडी सुरू करायला गेलं की असंच व्हायला हवं, त्यासाठीच तर लोक पैसे मोजत होते. टॅक्सीवाला खाली उतरला आणि थोरल्याला म्हणाला, आता तेवढी जागा दाखवा मिस्त्री, म्हणजे मी सुटलो.

दोघा भावांच्या त्या दुकानात कामाची वाटणी पक्की होती. गाणी धाकट्याकडे, चोर थोरल्याकडे. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर धाकटा बसवायचा. अलार्म आणि इंजिन अडवून धरणारा तो बोटाएवढा स्विच थोरला एकटा बसवायचा, दार लोटून घेऊन. जागा फक्त मालकाच्या कानात सांगायची, भाऊ झाला म्हणून काय झालं. तेवढा वेळ धाकट्याने बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. त्याचे केस पिकले तरी थोरल्याच्या तोंडी तो छोट्याच होता, आणि छोट्याने अलार्मला हात लावायचा नव्हता.

आत्ताही तो सवयीने बाहेर निघाला होता. पण आत कुणी कुणाच्या कानाला लागेना, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

थोरला गाडीत वाकला होता. डॅशबोर्डच्या खाली, आरशाच्या मागे, मग पुन्हा डॅशबोर्डच्या खाली तो चाचपत होता. सकाळी स्वतःच्या हाताने लावलेला स्विच त्याला सापडत नव्हता. गिऱ्हाइकासाठी आणलेलं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

घरात हे कधीचंच सुरू झालं होतं. आधी चष्मा हरवायचा, मग घराकडे वळायची गल्ली, परवा तर वहिनीचं नाव. घरातले सगळे सांभाळून घ्यायचे. पण समोर गिऱ्हाईक होतं, तेही टॅक्सीवाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. थोरल्याने आयुष्यात कमावलं ते एवढंच, की त्याने बसवलेल्या गाडीला चोर हात लावत नाही.

“त्यांना काय विचारता?” धाकटा पुढे येत म्हणाला. “आज अलार्म मी बसवलाय. दादानं पहिल्यांदाच माझ्याकडे दिला.”

थोरला गाडीबाहेर येऊन ताठ उभा राहिला. “तू बसवलास?”

“हो, दादा.”

बोलून तर गेला, आता स्विच कुठून आणायचा? तारेचा माग काढण्यात अर्थ नव्हता. थोरल्याची तार गाडीच्या मूळ तारांमध्ये अशी मिसळून जायची की बनवणाऱ्यालाही ती वेगळी काढता आली नसती. धाकट्याला एकच गोष्ट ठाऊक होती. कामाला लागण्याआधी थोरला गिऱ्हाइकाला गाडीत बसवून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा, आणि त्याचं लक्ष गप्पांत कधीच नसायचं, ते त्या माणसाचा रिकामा हात आपसूक कुठे जातो तिकडे असायचं.

जागा सांगतो, आधी गाणं तर ऐका, असं म्हणून त्याने टॅक्सीवाल्याला पुन्हा सीटवर बसवलं आणि ॲम्प्लिफायरचा आवाज चढवला. बाकावरचे स्क्रू थरथरायला लागले. टॅक्सीवाल्याने डोळे मिटले, मान डोलायला लागली, आणि मोकळा हात खाली जाऊन सीटच्या कडेवर ठेका धरू लागला.

धाकट्याने गाणं बंद केलं. टॅक्सीवाल्याला उतरवून तो स्वतः सीटवर बसला आणि त्याच जागी कडेखाली बोटं घातली. स्विच बोटाला लागला. त्याने तो दाबला, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

थोरला टॉर्च घेऊन वाकला. सीटच्या कडेखाली तो बराच वेळ पाहत राहिला. आता ओळखेल, धाकट्याला वाटलं. खोटं पकडेल, गिऱ्हाइकासमोर झाडेल. झाडू दे, पण स्वतःचा हात ओळखू दे.

“टेप खालून वर गुंडाळलीस,” थोरला म्हणाला. “म्हणजे सीट घासली तरी सुटणार नाही. मी तर तुला हे कधी दाखवलं नव्हतं.”

“बघून बघून शिकलो.”

“छान केलंयस.” थोरल्याने टॉर्च विझवला. “माझ्यापेक्षा तुझा हात साफ आहे, छोट्या.”

या एका वाक्यासाठी धाकट्याने उभा जन्म वाट पाहिली होती. आज ते कानावर पडलं आणि त्याला मान वर करवेना.

टॅक्सीवाला नेमकी जागा ऐकायला जवळ सरकला. थोरल्याने हात पुसले, फडकं धाकट्याच्या खांद्यावर टाकलं.

“सांग त्यांना,” तो म्हणाला आणि आपणहून दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.