घडाघडा

‘उत्तरं देताना अर्जदार सारखी अडखळत होती. शिकण्याचा हेतू खरा वाटत नाही.’ व्हिसा नाकारल्याचं कारण अपील ऐकणाऱ्या बाईंनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. समोर बसलेल्या मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या वकिलांनी, म्हणजे तिच्या मामांनीच, टेबलाखालून तिचा पाय दाबला.

अडखळत होती म्हणे! लहानपणापासून तोतरी होती ती, अडखळेल नाहीतर काय करेल? पण हे सांगायचं नाही, असं मामांनी बजावलं होतं. तोतरी मुलगी निघाली परदेशी, तेही तोतऱ्या मुलांवरचे उपचार शिकायला. ऐकणारा हसूनच कागद बाजूला ठेवेल, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा त्यांनी स्वतः उत्तरं तयार केली आणि तिच्याकडून घोटून घेतली. ही शेवटची संधी होती. आजही नकार आला तर कॉलेजातली तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

बाईंनी विचारलं, हाच अभ्यासक्रम का? ती सुरू झाली. जागतिक दर्जाचं शिक्षण, अद्ययावत प्रयोगशाळा, मायदेशाची सेवा. एकही अक्षर अडलं नाही. मामांचा चेहरा असा खुलला की जणू तेच पास झाले. तिला मात्र आपल्या तोंडून मामाच बोलताहेत असं वाटत होतं, आणि त्याची चीड येत होती.

बाईंनी समाधानानं मान हलवली. “बघा, मनात खरं असलं की कसं घडाघडा बोलता येतं. मागच्या वेळी तसं नव्हतं, म्हणून नकार मिळाला. आज मला काही शंका नाही.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गप्प बसायचं, सही होऊ द्यायची, बाहेर पडायचं. एवढंच तर उरलं होतं. मामा फाइल आवरायलाही लागले. पण मागच्या वेळी आपण खोटं बोललो असं ठरतंय, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. उद्या एखादं अडखळणारं पोर समोर येऊन बसलं, तर कोणत्या तोंडानं त्याला बोल म्हणणार होती ती?

“थां-थांबा, मॅडम.”

मामांनी डोळेच मिटून घेतले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. आत्तापर्यंत तर नीट बोलत होतात, मग आता का अडखळताय, असं त्यांनी विचारलं.

तिचा पहिलाच शब्द ओठांत अडला. तो पुरा करायला मामा सवयीनं पुढे झुकले. तिनं हातानंच त्यांना मागे सारलं आणि घाई न करता तो शब्द स्वतःच बाहेर काढला.

“म-मघाची उत्तरं मामांची होती. पा-पाठ केलेलं मी घडाघडा बोलते, मॅडम. अडखळते, ते मा-माझं असतं.”