कपाळावरचा वळ

“घरात आणखी कुणाला असं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “छे, हिचीच नाटकं! परीक्षा आली की डोकं धरून बसते,” आई म्हणाली. दुखणं माझं आणि तोंड आईचं. डोक्यावरची ट्यूबलाइट मिटल्या पापण्यांतूनही आत घुसत होती, कानशिलावर घण पडत होते. ओरडले असते, तर माझाच आवाज सोसला नसता. “हा त्रास बऱ्याचदा आईवडिलांकडूनच येतो, म्हणून विचारतोय,” डॉक्टर म्हणाले. “आमच्यात नाही हो असलं काही!” मी डोळे किलकिले केले. सकाळी शिलाईला बसताना आईने करकचून बांधलेल्या फडक्याचा वळ तिच्या कपाळावर तसाच होता. “आई, मग तू फडकं कशाला बांधतेस?” “अगं, तेवढं तर सगळ्याच बायकांचं दुखतं.” डॉक्टरांनी उठून पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली. अंधारात दोन सुस्कारे ऐकू आले. त्यातला एकच माझा होता.