गैरहजर राज्य

फिलाडेल्फिया, १७८७. कॉव्हेंट्री, १९८७. तेरा खुर्च्या. बिघडलेला हीटर.

संध्याकाळच्या वर्गात अमेरिकेची राज्यघटना पुन्हा एकदा घडवायची होती. तेरा जणांनी तेरा राज्यांच्या चिठ्ठ्या उचलल्या. म्हाताऱ्या हरिदासांच्या वाट्याला ऱ्होड आयलंड आलं.

"काका, ऱ्होड आयलंडने डेलिगेट पाठवलाच नव्हता," शिकवणारी मधुमती हळूच मराठीत म्हणाली. "तुम्ही घरी राहिलात तरी ओके आहे."

"घरी राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पोरी. ते नको."

पुढच्या मंगळवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले. बारा राज्यांची भांडणं त्यांनी मन लावून ऐकली.

उन्हाळ्यात त्यांची पत्नी रंभाबाई अजून हयात होती. राज्यघटना कशी घडते ते तिला शिकायचं होतं. वर्गात नावं तिनेच घातली होती, दोघांची.