मधल्या खुर्च्या

अकोल्यातल्या त्या जुन्या चर्चच्या छपराचे कवेलू फुटले होते. पावसाळ्यात मधल्या बाकांवर पाणी यायचं. आता भिंतीलाही भेगा गेल्या, म्हणून दोन महिन्यांपासून उपासना शेजारच्या शाळेच्या नव्या हॉलमध्ये होत होती.

त्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर पाळकांनी कोणाला उठू दिलं नाही.

"कमिटी म्हणते, चर्च पाडू. मी म्हणतो, दुरुस्त करू. तुमी सारे संग असान तरच होईन."

मागे भिंतीला टेकून उभे असलेले शद्रक तायडे तेवढे बोलले. कमिटीतले सगळ्यात जुने तेच.

"कायले पाह्यजे ते जुनं, पाळकसाहेब? पाडा अन् स्लॅब टाका. त्या चर्चची सवय सुटली आता आमची. इथं मस्त चालून राह्यलं."

बऱ्याच माना हलल्या.

"बरं," पाळक म्हणाले. "पण तुमी उभे कावून? मधात इतक्या खुर्च्या रिकाम्या हायेत. बसून बोला."

"नाही, तिथं गळते न."

तायडे बोलून गेले आणि सगळ्यांनी वर पाहिलं. वर कोरडा ठणठणीत स्लॅब होता, पंखा फिरत होता. खाली मधल्या खुर्च्या सोडून अख्खी मंडळी कडेकडेनं बसली होती.

कोणी हसलं नाही. तायडे पुढे आले, मधल्या एका खुर्चीवरून त्यांनी हात फिरवला आणि बसले.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "माह्या घरी जुने कवेलू पडून हायेत. चालतीन काय?"