दुर्मीळ नमुना

लेकीच्या बेडक्याचा रिपोर्ट घ्यायला आई प्रयोगशाळेत गेली. लेकीच्या फुप्फुसांत जन्मापासूनच चिकट कफ साचायचा, आणि आता पंधरा दिवस ताप हटत नव्हता. आत मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना काचेची बशी दाखवत होते. तिच्यात हिरवा, बुळबुळीत थर आणि त्यावर करडी लव.

"वा! जिवाणू आणि बुरशीचं कसं गूळपीठ जमलंय बघा! एकमेकांना औषधापासून वाचवतायत. असं नशिबानंच बघायला मिळतं. फोटो काढा!"

मग दारातल्या आईकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ताई, औषध दोन दिवस थांबवता का? अजून थोडा बेडका हवाय."




अकरा वर्षं लेकीचा बेडका ओंजळीत झेलणाऱ्या आईला आज पहिल्यांदा ओकारी आली.